डबी फार गोड बोलते

“हा चहा आहे की फडकं पिळलेलं पाणी?” मी म्हणालो.

माझ्या गळ्यात लटकलेल्या डबीनं क्षणभर दम घेतला आणि खणखणीत पुरुषी आवाजात सांगितलं, “चहा छान आहे. थोडा गरम मिळाला तर बरं होईल.”

अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. कंपनीचे कोटवाले साहेब तर उभेच राहिले. चहा आणणारा माणूस खूश होऊन हसला आणि माझा कप गरम करायला घेऊन गेला. शेजारी बसलेल्या माझ्या ताईनं डोळ्यांना रुमाल लावला. आणि मी? मी त्या खुर्चीत अर्धा आनंदानं उडत होतो आणि अर्धा रागानं धुमसत होतो. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालेलं काहीतरी परक्या माणसाला कळलं होतं, आणि जे कळलं होतं ते मी बोललोच नव्हतो!

आता सगळं सांगतो. मध्ये कुठे वाहवत गेलो तर सांभाळून घ्या, कारण फार वर्षांचं साठलेलं आहे.

मी किल्लीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे. दुकान कसलं, रुंद कपाटच म्हणा. अर्ध्यात माझं किल्ल्या कापायचं मशीन, अर्ध्यात ताईचं शिलाई मशीन. ती लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, गणवेशांना बटणं लावते. माझी जीभ आणि माझा जबडा यांचं जन्मापासून आपसात पटत नाही. डोकं ठीक, कान ठीक, हात तर विचारूच नका, पण तोंड उघडलं की समोरच्याला वाटतं हा गुळण्या करतोय. “लिहून दाखवा ना,” असं सुचवणारे शहाणे रोज भेटतात. अहो, लिहितो की! पण लिहून कधी भांडण करता येतं का? मी टोमणा कागदावर उतरवेपर्यंत गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळलेलं असतं. आणि विनोद लिहून दिला तर लोक तो पत्ता विचारल्यासारखा गंभीर चेहऱ्यानं वाचतात.

माझं बोलणं कळतं फक्त ताईला. आई सांगायची, मी पाळण्यात होतो तेव्हापासून. म्हणजे मी बोलायचं आणि ताईनं सांगायचं, “तो म्हणतोय की...” गिऱ्हाईक मग ताईकडे बघून उत्तर देतं. मी मध्ये उभा असतो, कानस हातात घेऊन.

एके दिवशी एक मुलगी खोलीची किल्ली करून घ्यायला आली. एका पायावर उभी, मोबाईल खांद्यात, पिशवी दातांत. मी मनातल्या मनात तिचं नाव घाई ठेवलं. ताई माझं बोलणं सांगतेय हे बघितलं आणि तिची पिशवीच दातांतून पडली.

“दादा, आमची कंपनी नेमकं हेच यंत्र बनवतेय!” ती म्हणाली. “तुम्ही बोलायचं, ते ऐकणार आणि स्वच्छ शब्दांत सांगणार. तुम्ही याल का चाचणीला?”

मी इतक्या जोरात मान हलवली की हातातली किल्ली नाल्यात गेली. तिला दुसरी कापून दिली.

घाईनं आम्हाला नवा कायदाही समजावून सांगितला. माणसाच्या वतीनं बोलणारं, ठरवणारं कुठलंही यंत्र आता थेट बाजारात आणता येत नाही. आधी थोड्या माणसांवर, सरकारच्या नजरेखाली वापरून बघायचं. शेवटी सरकारी तपासणी, आणि तिथे त्या माणसानं यंत्र पटलं तर हिरवं कार्ड दाखवायचं, नाही तर लाल. ज्याच्यासाठी यंत्र बनलंय त्यालाच विचारायचं. त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क, आणि दिलेला आवाज परत मागायचाही हक्क. कोटवाले साहेबांना हा कायदा म्हणजे बुटातला खडा होता. “बाहेरच्या कंपन्या धावतायत आणि आम्ही इथे परवानग्यांची वाट बघतोय,” असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. घाई मात्र म्हणायची, “सर, पण त्यामुळेच तर आपण दादांना विचारतोय ना.” साहेब मोबाईल बघायला लागायचे.

मग कित्येक महिने ती डबी आमच्या दुकानात टांगलेली होती. साबणाच्या डबीएवढी, काळी. मी दिवसभर जे बडबडेन ते ती टिपून घ्यायची आणि संध्याकाळी घाई येऊन ताईला एकेक आवाज ऐकवून विचारायची, “हे काय म्हणाले दादा?” ताई सांगायची. आवाज आणि अर्थ, अर्थ आणि आवाज, अशा जोड्या लावून यंत्राला शिकवलं. त्याचं फळ म्हणजे कंपनीतला तो चहा.

डबी गळ्यात घालून मी दुकानात आलो आणि आधी काय केलं असेल? फोन! जन्मात कधी फोन केला नव्हता हो मी. कोणाला करणार, आणि पलीकडचा काय समजणार? कोऱ्या किल्ल्या ज्याच्याकडून येतात त्या व्यापाऱ्याचा नंबर लावला. मोबाईल डबीजवळ धरला.

“हॅलो, मी कोपऱ्यावरचा किल्लीवाला बोलतोय,” मी म्हणालो, आणि डबीनं ते जसंच्या तसं सांगितलं.

“बोला साहेब!” पलीकडून आवाज आला. “काय पाठवू?”

बोला साहेब! मी दुकानाबाहेर आलो, एक गिरकी घेतली आणि परत आत गेलो. शेजारच्या फुलवाल्यानं विचारलं, “लॉटरी लागली काय?” मी त्याला हातानंच गप्प केलं, कारण मी फोनवर होतो. कळलं का? मी, फोनवर!

मग मुद्द्यावर आलो. मी म्हणालो, “गेल्या खेपेला गंजका माल माझ्या गळ्यात मारलास. या वेळी तसं केलंस तर सगळा माल तुझ्या दारात आणून ओतीन.”

डबी म्हणाली, “गेल्या वेळचा माल थोडा जुना होता. या वेळी जमल्यास चांगला पाठवावा.”

जमल्यास! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

“हो हो, बघतो की,” व्यापारी सुस्तपणे म्हणाला. आणि पुन्हा गंजकाच माल आला. येणारच. जमल्यास म्हटल्यावर जगात कोणाला काही जमलंय?

त्यानंतर मी डबीला कोपऱ्यात घेऊन परीक्षाच घेतली. “गाढवा” म्हटलं की “मित्रा” म्हणायची. “फुकटचं डोकं खाऊ नकोस” म्हटलं की “थोड्या वेळानं बोलूया का?” साधं पाणी मागितलं, वेळ विचारली, की बरोबर सांगायची. पण मी जरा तापलो, जरा खट्याळपणा केला, की हिच्या तोंडात साखर! घाई आली तेव्हा मी सगळं कागदावर लिहून तिच्यासमोर आदळलं.

ती वाचत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. “यंत्रानं स्वतःहून काही केलेलं नाही, दादा,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्याला जे अर्थ सांगितले तेच ते शिकलंय.”

अर्थ ताईनं सांगितले होते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नकलेवरून नक्कल कापली की किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही. पहिलीतला बारीकसा फरक दुसरीत दुप्पट होतो. म्हणून मी गिऱ्हाईकाला नेहमी विचारतो, मूळ किल्ली आहे का घरी? इथे मूळ मी, आणि डबी कापली होती ताईवरून.

मी ताईकडे वळलो. “तू माझं बोलणं बदलून सांगतेस?”

तिनं सुई कापडातून काढलीसुद्धा नाही. “मग काय तुझ्या शिव्या जशाच्या तशा ऐकवू लोकांना?” ती म्हणाली. “शाळेत मुख्याध्यापकांना तू काय म्हणाला होतास, आठवतंय? मी सांगितलं, ‘तो सॉरी म्हणतोय.’ म्हणून शाळा पुरी झाली तुझी! त्या पोलिसाला काय म्हणाला होतास? मी नसते ना, तर आज तुझे उरलेले दातही जागेवर नसते.”

“ते लहानपणी ठीक होतं!”

“तू मोठा झालास कधी?” ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

कारण मला ती नर्स आठवली. फार वर्षं झाली. पलीकडच्या दवाखान्यात होती. खोलीची किल्ली सारखी हरवायची आणि आमच्याकडे धावत यायची, ड्युटीचे पांढरे बूट तसेच पायात. हसली की आधी डोळे हसायचे. मी तिच्या किल्ल्या इतरांपेक्षा जास्त वेळ घासायचो, हे आता कबूल करायला काय हरकत आहे! एकदा ती म्हणाली, “मी फारच वेंधळी आहे हो, सारखा त्रास देते तुम्हाला.” तेव्हा मी सगळा जीव गोळा करून म्हणालो, “तुम्ही रोज किल्ली हरवत जा.”

ताईनं सांगितलं, “तो म्हणतोय, किल्ली जपून ठेवत जा.”

तिचे डोळे विझले. “हो, बरोबर आहे,” म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिनं किल्ली खरंच जपून ठेवली असणार, कारण ती परत आली नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की ताईला त्या दिवशी ऐकू आलं नाही. रस्त्यावर गाड्यांचा आवाज फार होता, असं मी माझं मलाच सांगून ठेवलं होतं.

“त्या नर्सच्या वेळी तुला नीट ऐकू आलं होतं ना?” मी विचारलं.

ताईचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. मग म्हणाली, “ती नाही म्हणाली असती तर तुला झेपलं असतं का रे?”

“नाही म्हणाली असती तर मला म्हणाली असती,” मी म्हणालो. “मला!”

हे मात्र ताईनं कोणालाच बदलून सांगितलं नाही. घाई खाली बघत पिशवीचा बंद उलगडत बसली. दुकान बंद करून निघताना ताईनं एवढंच म्हटलं, “तपासणीच्या दिवशी हिरवं कार्ड दाखव, बाबा. हात जोडते. गोडच तर बोलतंय ना ते! वाईट काय आहे त्यात?”

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. सरकारी कचेरीत बाहेरच्या बाकावर एक म्हातारे मास्तर बसले होते. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. वर्गाच्या वर्ग गाजवलेला माणूस, आता तोंडातून फक्त ‘ब... ब...’ निघायचं. डाव्या हातानं पाटीवर वेडीवाकडी अक्षरं काढायचे. त्यांच्या पत्नीनं माझे दोन्ही हात धरले.

“सगळं तुमच्यावर आहे हो,” त्या म्हणाल्या. “तुमची डबी पास झाली की आमचा नंबर. यांना एकदा माझ्यावर ओरडू दे. ओरडायचे हो फार. कान आसुसलेत.”

कोटवाले साहेब कानाशी आले. “बारीकसारीक गोष्टी आहेत त्या परवाना मिळाल्यावर दुरुस्त करू. आज फक्त हिरवं. लाल दाखवलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. समजतंय ना?”

समजत होतं. मला जगातल्या कशाहीपेक्षा ती डबी हवी होती. ‘बोला साहेब’ कानात अजून घुमत होतं. गोड तर गोड, पण आवाज तरी आहे! लाल दाखवलं आणि काढून घेतली तर पुन्हा मी, कानस, आणि ‘तो म्हणतोय की’. आणि समोर मास्तर.

तपासनीस बाई दारात आल्या. करड्या केसांच्या, पायात सपाट चपला, हातात दोन कार्डं. “फक्त हे आत येतील,” त्या म्हणाल्या. “कंपनी बाहेर. घरचे बाहेर.”

“अहो, पण मी नसले तर त्याचं बोलणं तुम्हाला कळणार कसं?” ताई घाबरीघुबरी होऊन म्हणाली.

“ते कळून घेणं माझं काम आहे,” बाई म्हणाल्या. “मला घाई नाही.”

दार लागलं. परक्या माणसाबरोबर, ताईशिवाय, बंद खोलीत मी कधी बसलो नव्हतो. त्यांनी कार्डं माझ्यासमोर ठेवली. “तुम्ही काहीही बोला. डबीनं तुमचंच सांगितलं तर हिरवं. नाही तर लाल. बाहेर कोण काय म्हणालं ते बाहेरच राहू दे.”

मी पाणी मागितलं. डबीनं पाणी मागितलं. हिरवं. मी खिडकी बंद करायला सांगितली. तेही बरोबर, हिरवं. बाई टिपून घेत होत्या आणि थांबत होत्या. कशी बाई ही! एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. हिरव्या कार्डावर हात ठेवून मी उठलो असतो तरी चाललं असतं. ताई खूश, साहेब खूश, मास्तर खूश.

पण माझं तोंडच ऐकेना. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, “तुम्ही रोज किल्ली हरवत जा.”

“किल्ली जपून ठेवत जा,” डबी म्हणाली.

त्या दिवशीचं वाक्य, तेच, ताईच्याच चालीत! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लाल कार्ड मी कधी उचललं ते मलाच कळलं नाही. कळलं तेव्हा ते वर धरलेलं होतं.

बाईंनी डबीचं बटण बंद केलं. खुर्ची पुढे ओढली. “आता मला सांगा. तुम्ही काय म्हणालात?”

मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. “परत,” त्या म्हणाल्या. मी परत सांगितलं. कागदाकडे हात नेला तर त्यांनी कागद बाजूला सरकवला. “तोंडानं. मी ऐकतेय.” मी एकेक शब्द वेगळा काढून, जीभ दातांवर आपटून, घामाघूम होऊन सांगितला. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या आणि पुटपुटत होत्या. किल्ली, हे त्यांना आधी कळलं. मग रोज. मग भुवया आकसल्या, मग एकदम वर गेल्या.

“तुम्ही रोज किल्ली हरवत जा?” त्या म्हणाल्या. “तुम्ही हे कोणा बाईला म्हणाला होतात का?”

मी मान हलवली आणि त्या हसल्या! मोठ्यानं, मान मागे टाकून, खुर्ची करकरेपर्यंत. माझ्या विनोदावर, माझ्याच तोंडून ऐकून, परकं माणूस जन्मात पहिल्यांदा हसलं होतं. मी रडलो. लाज कसली, ढसाढसा रडलो आणि रडता रडता हसत होतो.

त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. “मग? बंद करायला सांगू ही डबी?”

“नाही, नाही!” मी ओरडलो. हे त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

“घाबरू नका. लाल म्हणजे बंद नाही,” त्या म्हणाल्या. “लाल म्हणजे विकायला अजून परवानगी नाही. दुरुस्त करा, परत या. तोवर चाचणी चालू ठेवता येते, अजून माणसंही घेता येतात, पण अटी घालून. अटी तुम्ही सांगायच्या. यंत्र तुमच्यासाठी आहे.”

मी सांगितल्या. किती वेळ लागला कोण जाणे, बाहेर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असणार. आवाजाचा अर्थ ज्याचा आवाज आहे त्यालाच विचारायचा, लिहून विचारा, खुणेनं विचारा, पण त्यालाच. मास्तरांना आजच डबी द्यायची, आणि त्यांचे अर्थ मास्तरांच्या पाटीवरून घ्यायचे. आणि टिपलेले आवाज काम झालं की परत. आम्ही गिऱ्हाईकाची किल्ली नमुना म्हणून ठेवून घेत नाही. ठेवली तर आम्हाला चोर म्हणतात.

“त्या आवाजांत तुमची ताईही आहे,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “तिचं काय?”

“तिला विचारा,” मी म्हणालो. “तिच्या वतीनं मी कसा बोलू?”

दार उघडलं. लाल कार्ड बघून कोटवाले साहेबांचा चेहरा पडला. मास्तरांच्या पत्नीनं तोंडावर हात नेला. बाईंनी अटी वाचून दाखवल्या आणि मास्तरांच्या गळ्यात घालायला डबी मागवली, तेव्हा तोच हात खाली आला आणि नवऱ्याची कॉलर नीट करायला लागला. आणि घाई! ती तर उड्याच मारत होती. “सर, आपण फक्त एकच अर्थ शिकवत होतो! आता माणूस स्वतः तपासणार, म्हणजे यंत्र कितीतरी पुढे जाईल. दादा, आजपासूनच बसू या!” साहेब मोबाईल खिशात घालत म्हणाले, “बसा. पण लवकर उठा.”

ताईला बाईंनी वेगळं विचारलं, तुमचा आवाज कंपनीकडे राहू द्यायचा का? तिला असं कोणी काही विचारलंच नव्हतं कधी. आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, “राहू द्या की. पण माझ्या आवाजात कोणाला शिव्या द्यायला लावू नका.” सगळे हसले. घरी जाताना मात्र ती माझ्या पुढे चालत होती, आणि एरवी ती माझ्या बाजूनं चालते.

त्यानंतरचे दिवस म्हणजे काय सांगू, जत्राच! घाई रोज दुकानात यायची. जुना आवाज वाजवायचा, ताईनं सांगितलेला अर्थ वाचायचा, मी खरा लिहायचो. काही वाचून घाईचे कान लाल व्हायचे. “दादा, त्या आजोबांना तुम्ही खरंच असं म्हणाला होतात?” खरंच! फुलवाला येऊन ऐकत उभा राहायचा. ताई आमच्याकडे पाठ फिरवून शिवत असायची आणि तिचे खांदे हलायचे. ती रडतेय असं वाटून मी एकदा वाकून बघितलं, तर हसू दाबत होती.

एका दुपारी एक आवाज लागला. पावसाळी दिवसाचा असावा, मागे पत्रा वाजत होता. ताईनं सांगितलेला अर्थ होता, “काही नाही, असाच बडबडतोय.”

मी लिहिलं आणि घाईनं वाचलं, “ताई, तू दमलीस. घरी जा. दुकान मी बघतो.”

ताई वळली नाही. घाईनं पुढचा आवाज लावायला उगाच वेळ घेतला. शिव्या तर शिव्या, पण हेही ती गिळून टाकत होती! मला त्या क्षणी तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं ते कळेना, आणि मी नुसता मशीनच्या शिकंज्यात किल्ली लावत बसलो.

दुसऱ्या तपासणीत सगळी हिरवी. गाढवाला डबी गाढवच म्हणाली, आणि बाई माझा निरोप घेताना म्हणाल्या, “किल्ली हरवली तर येईन हं.” परवाना मिळाला. मास्तरांची डबी बोलायला लागली आणि पहिल्याच दिवशी ते पत्नीवर इतके ओरडले म्हणे की शेजारी दार वाजवायला आले, आणि मास्तर त्यांच्यावरही ओरडून मोकळे झाले!

आणि परवा. परवा एक धिप्पाड माणूस आला आणि किल्ली माझ्या टेबलावर फेकून म्हणाला, “ओ, ही तुमची किल्ली चालत नाही. नीट कापता येत नाही तर दुकान कशाला मांडलंय?”

मी किल्ली उचलली. दात वाकलेले, टोकाला वाळलेला निळा रंग. मी म्हणालो, आणि डबीनं माझ्याच तोऱ्यात सांगितलं, “या किल्लीनं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलंत ना? वर माझ्यावर ओरडताय? खोटं बोलायला लाज नाही वाटत?”

त्याचा चेहरा त्याच्या शर्टासारखा तांबडा झाला. दोन्ही हात टेबलावर ठेवून तो माझ्या डोळ्यांत बघत गरजला, “ए, तोंड सांभाळून बोल!”

मला! तोंड सांभाळून बोल, असं मला! आजवर लोक ‘बिचारा’ म्हणून ताईकडे बघायचे. माझं तोंड सांभाळावं लागण्याइतकं मोठं कोणी मानलंच नव्हतं. मी उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि असा भांडलो, असा भांडलो! तोही हटेना, मीही हटेना. फुलवाला हातातलं काम टाकून आला.

ताई उठली होती. तिचं तोंड उघडलेलं होतं, “तो म्हणतोय...” ओठांवर आलेलंच होतं. पण तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग खाली बसली. भांडणाच्या आवाजातून मला तिचं मशीन सुरू झालेलं ऐकू आलं, भराभर, एकसारखं. मी एकदा तिकडे नजर टाकली. कापड पुढे सरकत होतं, सुई वरखाली होत होती, आणि सुईत दोरा नव्हता.